पॉइंट सोडता येत नाही

पाषाणला आमच्या घराखालचा रस्ता एरवी कधीच मोकळा नसतो. ६ डिसेंबर २०१९ च्या दुपारी तो इतका मोकळा होता की पलीकडच्या फुटपाथवरच्या वायरलेसची खरखर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती. आयसर या विज्ञान संस्थेत देशभरातले पोलीस महासंचालक आणि महानिरीक्षक जमायचे होते, गृहमंत्री येणार होते, पंतप्रधानही विमानतळावर उतरणार होते. आमच्या भागाचं काय झालं असेल हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. भाजीची गाडी गायब, चपला शिवणारे काका गायब, दुभाजकाला ताजा काळा-पिवळा रंग, आणि ठरावीक अंतरावर एकेक खाकी माणूस, रस्त्याकडे पाठ आणि इमारतींकडे तोंड करून उभा. गॅलरीत कपडे वाळत घालायला गेलं तरी आपल्याकडे कुणीतरी बघतंय, आणि बघणं हेच त्याचं काम आहे, असं वाटायचं.

अडीचच्या सुमारास बेल वाजली. दारात एक पोलीस मुलगी, पंचविशीच्या आतबाहेरची, आणि तिच्या मागे दोन पावलं सोडून आमचा वॉचमन, ‘मी काही पाठवलं नाही’ असा चेहरा करून. “ताई, बाथरूम वापरू का जरा?” असं तिनं विचारलं आणि मी हो म्हणायच्या आतच खिशाकडे हात नेत म्हणाली, “आयडी दाखवते की.” अंगावर पूर्ण वर्दी, छातीवर नावाची पट्टी, आणि ती माझ्या दारात स्वतःची ओळख पटवून द्यायला निघाली होती. मी नको नको म्हणत असताना तिनं उंबऱ्याबाहेर बूट काढले. लेस सोडायला वेळ लागला, बोटं आखडली होती आणि घाईही होती. बाहेर आली ती मोजे हातात घेऊन, फरशीवर डाग नकोत म्हणून. चहा नको म्हणाली. पाण्याचा एक घोट घेऊन भांडं परत केलं. “ड्युटीवर पाणी कमीच पिते. फिरती व्हॅन आहे हो, पण पार त्या टोकाला. पॉइंट सोडता येत नाही.” दरवर्षी सहा डिसेंबरला तिला दादरला, चैत्यभूमीच्या बंदोबस्ताला टाकत. या वर्षी इकडे टाकलं होतं. हॉलमध्ये टीव्ही चालू होता आणि त्यावर सकाळपासून एकच बातमी होती: हैदराबादच्या पशुवैद्यक तरुणीवर अत्याचार करून तिला मारल्याचा आरोप असलेले चार जण पहाटे पोलिसांच्या गोळीबारात ठार. पडद्यावर लोक पोलिसांवर फुलं उधळत होते. ती उभ्या उभ्या थोडा वेळ बघत राहिली. “आता आमच्याकडं पण लोक असंच मागणार,” म्हणाली, बूट चढवले आणि गेली.

तिचं ते वाक्य मला नंतर समजत गेलं. खुपत राहिलं ते मात्र आयडी दाखवणं.

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत मी सुचवलं की मोठा बंदोबस्त असेल त्या दिवशी आणि विसर्जनाला खालचं वॉचमनचं टॉयलेट पोलिसांसाठी उघडं ठेवावं. साधा ठराव. चर्चा मात्र रंगली. आज पोलीस, उद्या डिलिव्हरीवाले येतील. सफाईचं पाणी कुणाच्या मीटरवर? ठाण्याकडून तशी लेखी मागणी आली आहे का? एका गृहस्थांना सुरक्षिततेची चिंता होती. पोलीस आत येण्याने कुणाची सुरक्षितता धोक्यात येते हे त्यांना कुणी विचारलं नाही. अखेरीस ‘व्यवस्थापन समिती यथायोग्य निर्णय घेईल’ असं इतिवृत्तात लिहिलं गेलं, आणि समितीने तो अजून घेतलेला नाही. हीच मंडळी सहा डिसेंबरच्या सकाळी ग्रुपवर सलामी ठोकणारे हात टाकत होती. कुणीतरी पेढ्यांचा फोटोही टाकला होता. बातमी ऐकल्यावर माझ्याही पोटात जे काही हललं त्यात समाधानाचा एक अंश होताच. तसं कबूल न करता त्या दिवसाबद्दल लिहिणं लबाडीचं होईल. पण समाधान एकीकडे, आणि ज्या माणसांनी चार जणांना अंधारात नेऊन परत आणलं नाही त्यांच्या हाती आपण आणखी काय काय सोपवतो आहोत ही भीती दुसरीकडे, अशी ती सकाळ गेली.

नंतर सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. श्री. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. आपल्या विदर्भातलेच, नागपूरला वकिली केलेले. २०२२ च्या मे महिन्यात अहवाल उघड झाला. पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या आणि त्यांनी सांगितलेली चकमकीची हकिगत विश्वास ठेवण्याजोगी नाही, असा निष्कर्ष. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर चकार शब्द नव्हता. आयपीएल चालू होतं.

त्या डिसेंबरपासून पोलीस महासंचालकांच्या या परिषदेच्या बातम्या वाचायचा मला नादच लागला. पूर्वी ही परिषद दिल्लीतच व्हायची. २०१४ ला गुवाहाटीत झाली आणि मग कच्छचं रण, हैदराबाद, टेकनपूर, केवडिया असं फिरत पुण्याला आली. पुढे लखनौ, जयपूर, भुवनेश्वर, रायपूर. आयोजन गुप्तचर विभागाचं. दहशतवाद, नक्षलवाद, सायबर गुन्हे, अंमली पदार्थ, किनाऱ्याची सुरक्षा, महिलांची सुरक्षा असे विषय असतात. सकाळी योगासनं असतात, आणि न्याहारीच्या, जेवणाच्या टेबलांनाही विषय वाटून दिलेले असतात. म्हणजे एका टेबलावर इडलीबरोबर बनावट नोटा, दुसऱ्यावर सीमेवरचे ड्रोन. मी टिंगल करत नाही. कंबोडियात बसलेला माणूस एका राज्यातल्या सिमकार्डावरून दुसऱ्या राज्यातल्या म्हातारीला फोन करतो आणि तिचे पैसे तिसऱ्या राज्यातल्या भाड्याच्या खात्यात वळवतो, तेव्हा तिन्ही राज्यांच्या प्रमुखांनी एकमेकांना नावानिशी ओळखणं गरजेचंच आहे. एरवी एका ठाण्याचं पत्र दुसऱ्या राज्यातल्या ठाण्यात पोचून उत्तर येईपर्यंत खातं रिकामं होऊन वर्ष उलटलेलं असतं. तीन दिवस एका छताखाली जेवल्यावर फोन उचलला जातो, हे सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही पटेल.

पुण्याच्या परिषदेत गृहमंत्री बोलले होते की भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता बदलायची आहे. तेव्हा ती बातमी आतल्या पानात होती. १ जुलै २०२४ ला नव्या संहिता लागू झाल्या आणि आयसरच्या सभागृहातलं ते वाक्य ओळखीतल्या एका हवालदारांच्या खिशापर्यंत येऊन पोचलं. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. कोर्टात पंच उलटले की खटला कसा बसतो हे ज्यानं पाहिलंय तो चित्रीकरणाला नाव ठेवणार नाही. पण चित्रीकरण स्वतःच्या मोबाइलवर. “मॅडम, फोनमध्ये पोरीच्या वाढदिवसाचे फोटो आन् घरफोडीचा पंचनामा शेजारी शेजारी,” असं म्हणून ते हसले. पंचनाम्यासाठी जागा करायला वाढदिवसाचे व्हिडिओ पुसले, हे हसून झाल्यावर सांगितलं.

पोलीस आणि लोक यांच्या भागीदारीबद्दलही दर परिषदेत बोललं जातं. ते वाचताना मला माझे मोठे मामा आठवतात. मामा गावचे पोलीस पाटील. वतनी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, १९६७ मध्ये ग्राम पोलीस अधिनियम आला आणि पोलीस पाटील नेमणुकीचा झाला. मानधन सांगायला लाज वाटावी एवढं. बीटचा हवालदार एसटीने यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि ओसरीवर पाय सोडून बसायचा. मामी त्याला गुळाचा चहा द्यायची. तो वही काढत नसे. कुणाच्या घरी जावई राहायला आलाय, कुणाचा पोरगा मुंबईहून परत आलाय आणि का, कोणत्या दोन भावांनी बांध कोरायला सुरुवात केली आहे, हे सगळं चहाबरोबर निघायचं. मला लहानपणी ही चुगली वाटायची, आणि थोडीफार ती होतीही. मामांच्या शब्दावर गावातल्या दुबळ्या घराचा पोर चौकीत जाऊन आला, असंही मी ऐकलेलं आहे. जुन्या व्यवस्थेच्या आठवणीने गळा काढणाऱ्यातली मी नाही. तरी एक खरं की त्या हवालदाराला कुणाचा पत्ता विचारावा लागत नसे आणि त्याला कुणी आयडी मागत नसे.

२००७ साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मामांच्या गावानेही वेशीवर पाटी लावली. समितीचा अध्यक्ष कुणी व्हायचं यावरून जो तंटा झाला तो मिटवायला फौजदार येऊन गेले. पण पुढची एक-दोन वर्षं कज्जे खरोखर कमी झाले, हे मामा स्वतः सांगत. बांधाचे, पाण्याच्या पाळीचे, सुनेला घरात घेण्याचे. मग बक्षीस मिळालं, फौजदार बदलले, समितीच्या बैठका कागदावर होऊ लागल्या. पाटी मात्र अजून आहे, खालचा गंज वरपर्यंत आलाय.

भिवंडीची गोष्ट याहून मोठी आणि पोलिसांच्या वर्तुळात पुष्कळ सांगितली गेलेली. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत होरपळलेलं गाव. १९८८ च्या सुमारास तिथे सुरेश खोपडे उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. दंगल पेटल्यावर शांततेचं आवाहन करणाऱ्या पुढाऱ्यांच्या समित्या नव्हेत. यंत्रमागावरचा कामगार, दुकानदार, बाया, दोन्ही धर्मांचे, आणि त्यांच्याबरोबर ठाण्यातला साधा कर्मचारी. बोलायचे विषय गटार, नळ, भोंगा, गुंड पोरगा. १९९२ च्या डिसेंबरात मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी हे पोलीस अधिकारी आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं, वस्तीतल्या पोरांचे आणि पोलिसांचे क्रिकेटचे सामने भरवले. मला यात भाबडेपणा कुठेच दिसत नाही. ज्या पोलिसाला तुम्ही मागच्या महिन्यात गटारासाठी शिव्या दिल्यात, त्याच्यावर दगड मारताना हात थोडा अडखळतो, एवढाच हिशोब.

आणि त्याच भिवंडीत २००६ च्या जुलैत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून दंगल झाली. ठाणं बांधायचं ती जागा कब्रस्तानाची, असा वाद. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली आणि त्याच रात्री दोन पोलीस जमावाने ठार मारले.

मी या दोन भिवंड्या शेजारी ठेवून बरेचदा पाहते. माणसं तीच, गल्ल्या त्याच. बसून बोलण्याची सवय कागदावर वारसाहक्काने जात नाही. ती त्या त्या खुर्चीतल्या, त्या त्या पॉइंटवरच्या माणसाबरोबर बदलून जाते. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ सालीच सांगितलं होतं की अधिकाऱ्याला निदान दोन वर्षं एका जागी राहू द्या. आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही आता ते आहे, शिपायाला तर एका ठिकाणी पाच वर्षं. पण अपवादाची वाट त्याच कायद्यात आहे, आणि त्या वाटेवरून कोण कधी कुठे जातं ते सकाळच्या पेपरात आपण वाचतोच. त्यात एका जागी नेमणूक असली तरी माणूस त्या जागी असतो का? वारी, गणपती, नवरात्र, निवडणूक, सहा डिसेंबर, एक जानेवारीला कोरेगाव भीमा, मोर्चे, व्हीआयपी. पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीचे तास मोजा आणि त्यात एकच पाळी केलेला हवालदार शोधा. ठाण्याच्या दारावर त्याची नेमणूक लटकत असते, तो स्वतः कुठल्या तरी दुभाजकावर.

मुंबईत दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, २०१६ मध्ये, देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. कल्पना त्याच ठाण्यातल्या एका शिपायाची. बारा तासांच्या ठिकाणी आठ तास, आहे त्या मनुष्यबळात कसे बसवायचे याचं गणित त्यानं कागदावर मांडून वरिष्ठांना दिलं, आणि नवल म्हणजे वरिष्ठांनी ते वाचलं. पुढे तो शहरभर नेला. २०२१ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा निर्णय राज्यात झाला. मला विचाराल तर आधुनिक पोलिसिंगवरचं गेल्या कित्येक वर्षांतलं सगळ्यात मोलाचं टिपण देवनारच्या त्या कागदावर होतं. भुवनेश्वरच्या परिषदेत, २०२४ मध्ये, पंतप्रधानांनी शिपायाचं ओझं तंत्रज्ञानाने हलकं करा आणि साधनं वाटताना पोलीस ठाणं केंद्रस्थानी धरा असं सांगितलं. ते वाचून बरं वाटलं. वाढदिवसाचे व्हिडिओही आठवले.

महासंचालकांच्या परिषदेची आमच्या चौकीपुरती आवृत्ती म्हणजे गणपतीआधीची शांतता समितीची बैठक. मी एकदा गेले होते, नंतरही जात राहिले. प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिली रांग आदल्या रात्रीपासून ठरलेली. पाण्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या, वेफर्सची पुडी, सामोसा. माइक आधी शिट्टी मारतो आणि मग ‘हॅलो चेक’. सत्कार चालू असेपर्यंत सगळे जागे असतात. मंडळांचे अध्यक्ष साहेबांना सहकार्याचं आश्वासन देतात, साहेब मंडळांना सहकार्याचं आवाहन करतात, आणि डीजेच्या भिंती किती फुटांच्या असाव्यात यावर दोन्ही बाजू सहकार्याने मौन पाळतात. मागच्या रांगेत एक बाई हात वर करून बसल्या होत्या. निवेदकाला त्या दिसत नव्हत्या, किंवा फारच नीट दिसत होत्या. शेवटी त्या उठूनच बोलल्या. शाळेमागच्या बोळातला दिवा तीन महिने बंद आहे, तिथे संध्याकाळी पोरं बाटल्या घेऊन बसतात, क्लासवरून येणाऱ्या मुली लांबच्या रस्त्याने जातात. साहेब म्हणाले, दिवा महापालिकेचा विषय आहे. बाई म्हणाल्या, “दिवा त्यांचा, पण बाटल्या?” सभागृह हसलं. साहेबही हसले, चांगले हसले, आणि मागे उभ्या एका अंमलदाराला खूण केली. तो बैठक संपल्यावर बाईंच्या बरोबर बोळापर्यंत चालत गेला. वेफर्सच्या पुडीसकट. त्या महिन्यात तिथे बीट मार्शलची मोटरसायकल थांबू लागली. गणपती बसले, सगळे मिरवणुकीच्या बंदोबस्ताला गेले, आणि बोळ पुन्हा पोरांचा झाला. दिवाळीनंतर मोटरसायकल परत आली, वेगळ्या अंमलदाराची. बाईंनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

भुवनेश्वरला डिजिटल फसवणूक आणि डीपफेकवर चर्चा चालू होती त्याच सुमाराला आमच्या समोरच्या इमारतीतले एक काका ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये सापडले. कायद्यात अशी अटक कुठेच नाही, हे आता रेडिओपासून बँकेच्या मेसेजपर्यंत सगळे सांगतात, तेव्हाही सांगत होते. काका निवृत्त प्राध्यापक, आयुष्यभर पोरांना तर्कशास्त्र शिकवलेले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही शिकवण मुरलेली, आणि कोर्टाआधी चौकीची पायरी येते म्हणून तीही कधी चढले नव्हते. पासपोर्टच्या पडताळणीलासुद्धा पोलीसच घरी आला होता. व्हिडिओ कॉलवर खाकीतला माणूस, मागे बोधचिन्ह, टेबलावर झेंडा. तुमच्या आधारवर खातं उघडून काळा पैसा फिरवला गेलाय, कुणाला सांगाल तर मुलगाही आत जाईल. आणि त्यानं न मागता स्वतःचं ओळखपत्र कॅमेऱ्यापुढे धरलं, मोठ्या रुबाबात, शिक्का दिसेल असं. काका तेच पुनःपुन्हा सांगत होते: “अहो, त्याने आयडी दाखवला.”

मी त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून झाली होती. पैसे पहिल्या खात्यातून पुढच्या पाच-सहा खात्यांत पांगले होते आणि त्यातल्या दोन ठिकाणी बँकांनी थोडी रक्कम अडवून धरली होती. खरं सांगायचं तर ही यंत्रणा मला चकित करून गेली. एक फोन, एक क्रमांक, आणि देशभरातल्या बँका साखळीतल्या एकेका खात्यावर बोट ठेवत जातात. असल्या भागीदारीसाठी वरच्या माणसांनी तीन दिवस काय, आठवडाभर एकत्र जेवावं. अडवलेले पैसे परत मिळायला कोर्टाचा आदेश लागणार होता, पण ते होते. बाकीचे नव्हते. जबाब घेणारा अंमलदार तिशीचा, डोळे लाल, कॉम्प्युटरशेजारी डबा न उघडलेला. रात्रपाळी करून थांबला होता, कारण सायबरचं काम येणारा दुसरा बंदोबस्ताला गेला होता. आमच्या मागे बाकावर आणखी तीन जण फायली घेऊन बसले होते. त्यातल्या एकाच्या कथेतही खाकी होती.

त्या बाकावर बसून मी ठाण्याकडे बघत होते. भिंतीवर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’, खाली हरवलेल्या मुलांचे फोटो, खिडकीत मुद्देमालाच्या मोटरसायकलींची रास. ठाणे अंमलदारापुढे एक बाई नवऱ्याबद्दल काहीतरी सांगत होती आणि तो लिहिता लिहिता मध्येच “जेवलात का?” असं विचारत होता. कुणी कुणाला सर म्हणत नव्हतं, सगळे एकमेकांना हाक मारत होते. प्रिंटरला कागद नव्हता. काकांनी हे सगळं महिन्याभरापूर्वी एकदा, अगदी सायकल हरवल्याच्या निमित्ताने का होईना, पाहिलं असतं, तर पडद्यावरचा तो झेंड्यामागचा माणूस त्यांना पाच मिनिटांत ओळखू आला असता. खऱ्या पोलिसाजवळ एका माणसासाठी सलग दोन दिवस मोकळे नसतात. चोरांनी आपल्यातला आणि चौकीतला हा अनोळखीपणा नेमका हेरलाय आणि त्याच्यावर धंदा उभा केलाय. २ जानेवारीला पोलिसांचा स्थापना दिन असतो, त्या आठवड्यात शाळेच्या पोरांना ठाणं दाखवायला नेतात, रायफल हातात देतात, कोठडी दाखवतात. साठीच्या पुढच्यांची अशी सहल निघायला हवी. रायफलीऐवजी प्रिंटर दाखवावा.

अंमलदार दोन बोटांनी मराठीत टाइप करत होता. मध्येच थांबून, न रागावता, त्यानं विचारलं, “काका, दोन दिवस हे चाललं होतं. मध्ये एकदा तरी पोलिसांना फोन का नाही केला?”

काका त्याच्याकडे बघत राहिले. “पोलिसांना कशाला करू? पोलीसच होते ना समोर.”

त्यानं ते वाक्य जबाबात जसंच्या तसं टाइप केलं आणि पुढे विचारलं, “खातं कोणत्या शाखेत आहे?”